पाण्याची चुळबूळ

खुटबावचे आमचे मामा दुखणे सांगणाऱ्यांतले नव्हेत. पायात काटा मोडला तरी चपलेला दोष देतील. म्हणून मामीचा फोन आला तेव्हा मी सावध झालो. ती हलक्या आवाजात म्हणाली, "रात्रीतून पाच-सहा वेळा उठतात. विचारलं तर म्हणतात, उसाला दारं धरायची सवय आहे, झोप मोडते!"

दुसऱ्याच दिवशी मी दौंडकडची गाडी धरली. यवत मागे पडले आणि खुटबाव आले. मामा स्टेशनवर आले होते, पण चालता चालता दोनदा बाभळीआड गेले. तिसऱ्या वेळी मी स्पष्टच विचारले. मामा म्हणाले, "वय झालं लेका. त्याचं काय सांगायचं?"

पुण्यात रक्त तपासले. पीएसएचा आकडा नऊ आला. चारच्या आत असेल तर डॉक्टर सहसा निश्चिंत असतात. परंतु हा आकडा मोठा चहाडखोर आहे. प्रोस्टेट नुसती वयाने वाढली तरी तो चढतो, सुजली तरी चढतो आणि कर्करोग असला तरी चढतो. पूर्वी अशा वेळी आक्रोडाएवढ्या त्या ग्रंथीत दहा-बारा सुया अंदाजाने टोचून तुकडे काढीत. सुई नेमकी रोगाच्या शेजारून गेली तर? आता आधी एमआरआय काढतात. २०१७ साली ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, आधी हे चित्र पाहिले असते तर चौथ्या हिश्शाहून अधिक जणांची सुई टळली असती.

यंत्राच्या खोलीबाहेर मामांनी माझा हात धरला. "काही वंगाळ निघालं तर तुझ्या मामीला सांगू नकोस." मी मान हलवली. दुसरे काय करणार?

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलक्या होत्या. मामांनी विचारले, "बाई, हे यंत्र बघतं तरी काय?"

"पाणी," बाई म्हणाल्या.

मामा ताठ बसले. सारा जन्म कालव्याच्या पाळीची वाट पाहण्यात गेलेला. पाणी हा त्यांचा विषय! "म्हंजे पाणी तुंबलं, तिथं रोग?"

"तुंबलं नाही, काका. हे पाणी वाहत नाही, जागच्या जागी चुळबूळ करतं. त्या चुळबुळीला मोकळीक किती, ते आम्ही मोजतो. निरोगी ग्रंथीत बारीक नळ्या असतात, रसाने भरलेल्या. तिथे पाण्याचे कण ऐसपैस हिंडतात. कर्करोगात पेशींची दाटी होते, नळ्या बुजतात आणि कणांना हलायला जागा उरत नाही."

"सकाळची पुण्याची गाडी!" मामा म्हणाले. "डबा रिकामा असला की पोरं हुंदडतात. भरला की पाय उचलायची सोय न्हाई."

माझी हयात शाळामास्तरकीत गेली, म्हणून मला हजेरी आठवली. यंत्र चुंबकाच्या एका झटक्याने प्रत्येक कणावर त्याच्या जागेची खूण करते आणि क्षणार्धात उलट्या झटक्याने ती पुसते. जागेवरच असलेल्याची खूण पुरती पुसली जाते, आणि तो "हजर" म्हणून खणखणीत ओ देतो. जे भटकले त्यांचा आवाज एकमेकांत मिसळून विरतो. एवढ्या वेळात कण भटकतो किती? केसाच्या जाडीइतकाही नाही! ही दोन झटक्यांची युक्ती स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ साली मांडली. ल बिहाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात तिच्यावरून माणसाच्या शरीराची चित्रे काढली. क्ष-किरणांचा यात संबंध नाही. मात्र यंत्राचा ठणठणाट असा की, बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "आत मळणी चालू होती."

झटके कमीजास्त जोराचे देऊन प्रत्येक ठिपक्याला एक आकडा काढतात. नकाशात मोकळी जागा उजळ दिसते, दाटी काळी. मामांच्या निरोगी भागाचा आकडा १.७ होता. डाव्या कडेला मात्र काळा डाग, तिथे ०.७. उजवीकडे पुसटसा दुसरा, तिथे १.१. एक ते पाच अशा संशयाच्या पायऱ्या असतात. डावा चौथीवर बसला, उजवा तिसरीवर. "जुन्या सुजेतही दाटी होते," बाई म्हणाल्या. "नक्की काय ते सुईच सांगेल. पण आता सुई कुठे मारायची, ते ठाऊक आहे."

अहवालाला आठ दिवस लागले. त्या दिवसांत मामांनी उसाचा विषय काढला नाही, यावरून काय ते समजावे. डावा डाग कर्करोगाचा निघाला, ग्रंथीच्या आतच असलेला. उजवी नुसती जुनी सूज.

खुटबावला परतलो. मामा गोठ्याकडे वळले आणि मामीने चहा पुढे केला. "मला सांगू नकोस म्हणाले असतील ना?" ती म्हणाली. मी कपात पाहत राहिलो. "मग तू सांगू नकोस. फक्त डावीकडं की उजवीकडं, तेवढं सांग. अहवाल येईतोवर झोपेत दोन्ही म्हणत होते."

महिनाभर किरणोपचार झाले. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. आकडा उतरतो आहे. परवा रात्री फोन केला तो मामीने घेतला. मामा कुठे, म्हणून विचारले.

"रात्रीची लाईट आहे," ती म्हणाली. "दारं धरायला गेलेत. या खेपेला खरंच."