सव्वादोन ग्रॅम कमी

बंदुकीच्या कपाटात काडतुसांचा तो डबा दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं.

2016 च्या ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. दक्षिण स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीचा हंगाम त्या दिवशी उघडला. स्मोलंडमधल्या एका गोठ्याच्या अंगणात आम्ही चौदा जण झुंजुमुंजूला थर्मासमधली कॉफी पीत उभे होतो. शिकारीची परीक्षा, पोलिसांचा परवाना, पळत्या मूसच्या चित्रावर नेमबाजी, हे सगळं आधी झालं होतं. ते सांगत बसत नाही. शिकार मात्र पहिलीच.

आमचा प्रमुख सत्तरीचा. त्याने एकेकाची काडतुसं पाहिली. माझा डबा घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कडेची बारीक अक्षरं वाचली आणि डबा परत दिला. "हे मूसला चालत नाही. तू आज हाक्यात."

मूससाठी तिकडे पहिल्या वर्गाचं काडतूस लागतं. तेव्हाचा नियम असा: गोळी किमान 9 ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर तिच्यात 2700 ज्यूल हवेत, 10 ग्रॅम किंवा जड असेल तर 2000 वर भागतं. माझी रायफल साडेसहा-पंचावन्न, म्हणजे 1894 साली स्वीडन-नॉर्वेच्या फौजांसाठी ठरलेलं जुनं काडतूस. त्याची नेहमीची शिशाची गोळी 10.1 ग्रॅमची. मी घेतली होती तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच जाडीत वजन भरायचं तर गोळी फार लांबते. माझी होती 7.8 ग्रॅमची. दुकानातल्या पोराला मी दोनदा विचारलं होतं, मूसला चालेल ना? "हो हो, तांबं आहे, आरपार जातं." डब्यावर ठळक अक्षरांत 120 ग्रेन, ग्रॅमचा आकडा खाली मुंगीएवढा. ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा हिस्सा, हे मला पाठ होतं. तरी तो मुंगीएवढा आकडा काही मी वाचला नाही.

पण मला सलतं ते वेगळंच. शंभर मीटरवर त्या दोन गोळ्यांची ताकद उन्नीस-बीस, दोन्ही सव्वादोन-अडीच हजार ज्यूलच्या घरात. शिवाय साधी शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे तुकडे उडतात, वजन वाटेत सांडतं. तांब्याची पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुतेक सगळं वजन घेऊन पुढे जाते. जनावराच्या आत गेल्यावर कोण किती जड उरलं, हे तो नियम विचारतच नव्हता. त्याचा तराजू दुकानातच संपायचा. हे मी त्या अंगणात मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये सांगितलं. प्रमुखाने ऐकून घेतलं आणि कॉफीचा कप झटकला.

शेजारच्याने आपली पाच काडतुसं पुढे केली, रायफल त्याच जातीची. प्रमुख म्हणाला, "नेम कुठल्या गोळीवर लावलायस?" गोळी बदलली की ती लागण्याची जागाही बदलते. इथे त्याचं बरोबर होतं, आणि तेच जास्त झोंबलं. कुणी या नादाला लागणार असेल तर एवढं ऐका: आधी नियम वाचा, मग डबा घ्या, आणि नेम त्याच डब्यातल्या काडतुसांवर लावा. कुठली रायफल थोर यावर नंतर हवं तेवढं भांडा.

दिवसभर नारिंगी जाकीट घालून मी काठीने झुडपं बडवत फिरलो. राधानगरीकडे आमच्या आजोबांच्या बारा बोरात एल.जी.ची, म्हणजे मोठ्या छऱ्यांची काडतुसं असायची आणि हाक्याला गावातली माणसं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते सगळं थांबलं. रात्री फोनवर बाबांना सांगितलं तर ते हसतच सुटले. "अरे, आपल्या घरात हाकारा झालेला तूच पहिला!"

मूस पडला तो दुपारी, त्याच शेजाऱ्याच्या 10.1 ग्रॅमच्या गोळीने. मी साठ-सत्तर पावलांवर होतो. बार झाला आणि जनावर नुसतं उभं. कान हलला. मग पाइनच्या झाडांमधून तीसेक पावलं शांत चालत गेलं आणि पुढचे गुडघे दुमडले. फुप्फुसातून गेली होती. मी असतो तर नेम चुकला समजून घाईत दुसरी कुठेतरी पोटात घातली असती. माझी तांब्याची गोळी त्या दिवशी नळीत नव्हती ते बरंच झालं, असं तेव्हा वाटलं.

सोलताना गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली, चेपलेल्या अळंबीसारखी. जखमेच्या वाटेवर मांसात राखाडी कण चमकत होते. जखमेच्या कडेपासून दहा सेंटीमीटर मांस टाकून द्या, असा तिथल्या अन्न खात्याचा सल्ला आहे, तो या शिशापायीच. प्रमुखाने चार बोटं लावून कापलं. मी म्हटलं, दहा. त्याने सुरीच माझ्या हातात दिली.

पुढच्या हंगामाला मी 10.1 ची घेतली. शिशाचीच. तो नियम मला अजूनही बावळट वाटतो. त्या जुन्या डब्यात नऊ काडतुसं उरली आहेत. रो हरणाला ती चालतात, पण रो हरणावर बंदूक उचलावीशी वाटत नाही.