दुभाष्याचे काम

मराठी शिकवणाऱ्या माणसाला लोक कोणत्या कामाला जुंपतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ, पतपेढीच्या सभेचे इतिवृत्त, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचे मानपत्र हे सारे मी वीस वर्षे निमूटपणे करीत आलो आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मामांनी जे काम सांगितले, ते ऐकून मात्र मी हबकलोच.

"मास्तर," मामा म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी दुकानाचा काही रिपोर्ट केला आहे. तो मला मराठीत सांग. आणि खरं तेच सांग. तो कागद खरा असेल, तर चाळीस वर्षं मी गल्ल्यावर बसून माश्या मारल्या!"

मामांचे जालन्यात बी-बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. त्या पाळण्यात सोन्याच्या जोडीला बियाणेही वाढले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात बियाण्याचे दुकान चालवणारा माणूस स्वतःला अडाणी समजत नाही. चिरंजीव पुण्याला एका कंपनीत आकड्यांवरून धंद्याची नाडी पाहण्याचे काम करतात. रजेवर आले तेव्हा त्यांनी दुकानाच्या संगणकातली सारी विक्री आणि उधारी उपसून काढली, आणि रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर लिहिले : '४१ खात्यांची उधारी बंद करावी.' तेव्हापासून बापलेकांत अबोला! जेवताना मीठ हवे असले तरी मामींच्या मार्फत.

मी रिपोर्ट उघडला. पहिल्याच पानावर दर खात्यामागची सरासरी उधारी दिली होती. सरासरी हा शब्द आपण फार विश्वासाने वापरतो. वर्गाची सरासरी सांगताना मीही वापरतो. पण समजा, नऊ शेतकऱ्यांकडे दहा-दहा हजार येणे आहे आणि दहाव्या बड्या आसामीकडे चार लाख दहा हजार. एकूण झाले पाच लाख, सरासरी पन्नास हजार. आता पन्नास हजार देणे असलेला माणूस शोधायला निघा. तो दहांत कुठेच नाही. त्यापेक्षा दहाही जणांना उधारीच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे करावे आणि मधोमध कोण येतो ते पाहावे. तो दहा हजारांचाच निघतो. शाळेच्या गणितात याला 'मध्यक' म्हणतात. मामांना शब्द रुचला नाही, पण गोष्ट पटली. "म्हणजे एका हत्तीनं सगळ्या शेळ्यांचं वजन वाढवलं!" ते म्हणाले. मी ते तसेच लिहून घेतले.

दुसरे पान फवारणीच्या पंपांचे होते. एका पंपामागे नफा चांगला, म्हणून मामांनी एक अख्खी भिंत पंपांनी सजवली होती. रिपोर्टात नफ्याशेजारी आणखी एक आकडा होता : या मालात अडकलेला पैसा वर्षात किती वेळा फिरला? बियाण्यात घातलेला रुपया एका हंगामात जाऊन परत येत होता. पंपातला रुपया दोन दिवाळ्या भिंतीवरच लटकला होता. मामा त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले. "मुक्कामाला आलेले जावईच की हे," ते पुटपुटले. नफा चांगला आणि माल वाईट, असे एकाच वेळी असू शकते हे मलाही तेव्हाच कळले. पगारदार माणसाला भांडवल फिरते म्हणजे काय, हे कुठून कळणार!

कॅलेंडरांच्या बाबतीत मामांचा एक आवडता सिद्धांत होता : जानेवारीत ज्याला भिंतीवरचे कॅलेंडर द्यावे, तो जूनमध्ये हमखास येतो. आकडेही तेच सांगत होते. पण कॅलेंडर मुळात मिळते कोणाला? जे दरवर्षी येतात, त्यांनाच. दोन गोष्टी हातात हात घालून आल्या, की त्यांतली एक दुसरीची आई आहे असे आपण समजतो. "अनोळखी शंभर जणांना वाटून बघा, मग कळेल," असे चिरंजीव आतल्या खोलीतून ओरडले. अबोल्याला गेलेला तो पहिला तडा.

पण खरे दुखणे त्या ४१ खात्यांचे होते. नियम साधा होता : १८० दिवसांत पैसे न देणारे खाते बंद. कागदावर त्यात काही चूक दिसत नाही. मामांनी मात्र यादी हातात घेतली आणि एकेक नाव वाचून त्यापुढे पीक सांगू लागले. हा कापूसवाला. जूनच्या १५ तारखेला त्याने बियाणे नेले, तर १८० दिवस भरतात डिसेंबरच्या १२ तारखेला. वेचणी चालू असते, कापूस घरात असतो, भावाची वाट पाहणे चालू असते. हा मोसंबीवाला. जानेवारीत झाडांचा ताण तोडून त्याने आंबे बहार धरला, तेव्हा खत नेले. फळ उतरणार सप्टेंबर-ऑक्टोबरात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आमची जालन्याची मोसंबी मोठी नावाजलेली खरी, पण सहा महिन्यांत पिकायला ती काही मेथीची जुडी नव्हे!

चिरंजीव बाहेर आले. रागावतील असे वाटले होते. पण त्यांनी संगणक मांडीवर घेतला आणि खात्यांपुढे पिकाचा एक रकाना वाढवला. दिवस मोजायचे ते माल नेल्यापासून नव्हे, पीक हाती आल्यापासून. ४१ पैकी ३० नावे यादीतून गळाली. राहिली ११. त्यांत पहिले नाव त्या हत्तीचे. पीक येऊन वर्ष लोटले होते, आणि मामांनी एकदाही तगादा लावला नव्हता, कारण तो गृहस्थ दुकानात शिरताना "काय शेठ!" म्हणून वाकून नमस्कार करी. ओळखीचे पीक आकड्यांना कळत नाही, तशी गोड बोलणाऱ्याची लबाडी ओळखीला कळत नाही. मामा काही बोलले नाहीत. पाणी मागितले; ते मात्र मुलाकडे.

तरी एक शंका उरलीच होती. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत पातेल्याच्या तळातलेही घ्यावे. १९३१ साली कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था काढणाऱ्या महालनोबिसांनी बंगालच्या तागाचा अंदाज निवडक तुकडे मोजून बांधला, तेव्हा सारी अक्कल पणाला लागली ती तुकडे निवडण्यात. आमच्या दुकानाचा संगणक आला २०१६ साली. २०१२ चा दुष्काळ त्याच्या पोटात नव्हताच.

मामांनी माळ्यावरून लाल खतावण्या उतरवल्या. २०१२-१३ ची पाने उघडली. त्या वर्षी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी जळणासाठी तोडल्या. जालना शहरही टँकरवर जगले. पानामागून पान, जमेची बाजू कोरी. "हे तर सगळं बुडालेलं," चिरंजीव म्हणाले. "पुढं बघ," मामा म्हणाले. २०१४, २०१५ : पाचशे, हजार, दोन हजार, असे करीत बरीच खाती मिटली होती. काही मिटली नव्हती. ती पाने मामा भरभर उलटत होते, आणि का ते आम्ही विचारले नाही.

मग चिरंजीवांना चेव चढला. सगळ्याच जुन्या वह्या संगणकात घालू म्हणाले. मी वाचून दाखवायचे, त्यांनी भरायचे. अशी १९९९ ची वही हाती आली, आणि एका पानावर मामांच्या वळणदार अक्षरात फक्त 'दाजी' असे नाव. म्हणजे माझे वडील. बदनापूरकडे आमची थोडी कोरडवाहू जमीन होती. १९९९ चे खत उधार, २००० चे बियाणे उधार, खतही उधार. जमा काही नाही. त्या दोन वर्षांत मी तेव्हाच्या औरंगाबादला एम. ए. करीत होतो. फी आणि खाणावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला येत, रोख. ते कुठून येतात, हे मी कधी विचारले नव्हते. खाते मिटले २००३ साली, मी नोकरीला लागल्यावर, वडिलांच्या हातूनच. मला ते दोघेही कधी काही बोलले नाहीत.

माझे वाचन थांबले. चिरंजीव बोटे सरसावून बसले होते.

"दादा, दाजी म्हणून खातं आहे ना? पीक काय लिहू? कापूस?"

मला सांगता येईना. मामा वहीवरची धूळ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एम. ए. लिही," ते म्हणाले. "उशिरा आलं, पण आलं. हं, मास्तर, पुढचं पान."