शेजार

आपल्या भाषेत 'शेजारधर्म' असा एक शब्द आहे. राजधर्म आणि पुत्रधर्म यांच्या पंगतीला ज्या समाजाने शेजाऱ्याच्या कर्तव्यालाही बसविले, त्याला संसाराची जाण होती खास. विरजण संपले की वाटी घेऊन जायचे ते शेजारी. गावाला जाताना किल्ली ठेवायची ती शेजारी. आणि अपरात्री घरात कोणाचे अधिकउणे झाले तर पहिली हाक ऐकणाराही शेजारीच. घरात माणसे किती, कोण कोठे निजते, परसदार कोणत्या बाजूस उघडते, हे सारे त्याला ठाऊक असते. या ठाऊक असण्यालाच आपण जिव्हाळा म्हणतो. तेच केवढे भयंकर होऊ शकते, हे मला रवांडाने दाखविले.

मध्य आफ्रिकेतील हा चिमुकला देश 'हजार टेकड्यांचा देश' म्हणून ओळखला जातो. १९९४ सालच्या ७ एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत येथे आठ ते दहा लाख माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते; या संहाराला विरोध करणारे हुतूही होते. तुत्सी आणि हुतू यांची भाषा एक, देव एक, टेकड्याही त्याच. त्यांच्यातील जुना भेद बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० नंतरच्या दशकात ओळखपत्रावर नोंदवून पक्का केला. आणि साठ वर्षांनी, नाक्यानाक्यावर, कोणी जगावे नि कोणी मरावे हे त्याच कागदाने ठरविले. नभोवाणी तुत्सींना झुरळे म्हणत होती. सैनिक आणि सशस्त्र टोळ्या होत्याच. परंतु कित्येकांच्या दारी कोयता घेऊन आला तो ओळखीचा माणूस होता. घर शोधण्याची त्याला गरज पडली नाही.

राजधानी किगालीच्या दक्षिणेस न्यामाटा नावाचे गाव आहे. तेथील चर्चमध्ये आता प्रार्थना होत नाही. ते स्मारक झाले आहे. १९९२ साली या भागात कत्तल झाली तेव्हा लोकांनी या देवघराचा आश्रय घेतला होता. त्या आठवणीच्या भरवशावर १९९४ सालीही ते हजारोंनी येथे आले. या खेपेस भिंतींनी त्यांना वाचविले नाही. मी आत गेलो तेव्हा बाकांवर मृतांच्या कपड्यांच्या राशी होत्या. मातीच्या रंगाचे झालेले सदरे, लुगड्यासारखी वस्त्रे, लहान मुलांचे झगे. पत्र्याच्या छपराला पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्यांच्यावर पडले होते. मृतांच्या संख्या आपण वाचतो आणि पान उलटतो. परंतु एखाद्या झग्याचे तुटलेले बटण कोणीतरी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेले दिसले, की पान उलटता येत नाही.

बाहेर आलो तर बाजार भरलेला. केळ्यांचे घड, घेवड्याची पोती, मोटारसायकलींवरून उतारूंची ने-आण, शाळेतून परतणाऱ्या मुलांचा गलबला. रवांडात दुधाची दुकाने असतात. लोक तेथे बसून मोठ्या पेल्यातून ऊन दूध किंवा 'इकिवुगुटो' पितात. हे विरजलेले दूध आपल्या दाट ताकाच्या जवळचे. सोबत चपाती मिळते, आणि तिचे नावही चपातीच! मी पेला ओठांशी नेला खरा. परंतु दुकानातल्या प्रत्येक चाळिशीपुढच्या माणसाकडे पाहून मनात एकच प्रश्न उठत होता : त्या वर्षी हा कोठे होता? प्रवाशाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. तो मनात येऊ न देण्याची शक्तीही नाही. पलीकडे दोघेजण हसत गप्पा मारीत होते. मी पाहुणा, संध्याकाळी निघून जाणार. त्यांना मात्र या प्रश्नासह रोज याच बाकावर बसायचे आहे.

ते कसे बसतात? या देशाने त्यासाठी आपल्याच जुन्या चाली हाती घेतल्या. 'गचाचा' म्हणजे हिरवळीवरची पंचायत. २००२ पासून २०१२ पर्यंत गावोगाव अशा न्यायसभा भरल्या आणि सुमारे एकोणीस लाख प्रकरणे त्यांच्यापुढे आली. वकील नव्हते, गावानेच निवडलेले पंच होते. वाचलेल्यांनी तेथे उभे राहून विचारले, माझी माणसे कोठे पुरलीत ते तरी सांगा. या न्यायात उणिवा राहिल्याचे आक्षेप पुष्कळ आहेत, आणि ते खोटे नाहीत. तरी लाखो आरोपींचा निवाडा नेहमीच्या न्यायालयांकडून एका पिढीत होणे शक्य नव्हते. दुसरी चाल 'उमुगांडा'. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सारा गाव मिळून रस्ता दुरुस्त करतो, गटार काढतो, झाडे लावतो. १९९४ साली मारेकरी आपल्या कृत्याला 'काम' म्हणत, आणि याच श्रमदानाच्या घडीचा उपयोग माणसे गोळा करण्यासाठी झाला होता. ज्या सवयीने एकत्र मारले, तिच्याचकडून आज एकत्र खड्डे बुजविण्याचे काम करून घेतले जात आहे.

मला सर्वांत विचारात पाडले ते तिसऱ्या चालीने. 'गिरिंका' म्हणजे 'तुझ्या घरी गाय असो', असा तेथील जुना आशीर्वाद. २००६ पासून त्याच नावाने गरीब कुटुंबाला एक गाय मिळते. अट इतकीच की तिला झालेली पहिली कालवड शेजाऱ्याला द्यावयाची. ओळखपत्रावर आता जात लिहिलेली नसते. परंतु टेकडीची स्मृती कागदावर अवलंबून नसते. कालवड देणारा आणि ती घेणारा त्या शंभर दिवसांत कोठे होते, हे साऱ्या टेकडीला माहीत असते. यातून क्षमा होते की नाही, हे सांगणारा मी कोण? मला एवढेच कळते, की ती कालवड दोर धरून स्वतःच्या पायांनी शेजाऱ्याच्या दारापर्यंत न्यावी लागते, आणि ते दार आतून कोणीतरी उघडावे लागते.