जोडी मालकाची, जीव धुरकऱ्याचा

आमच्या भंडारा जिल्ह्यात शंकरपट म्हणजे गावचा सणच! सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१४ साली थांबलेला पट डिसेंबर २०२१ मधील परवानगीनंतर पुन्हा रंगू लागला.

आमच्या मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जोड्या हाकल्या. ‘मालक काय देतात?’ असे विचारले, तर म्हणत, ‘बाबू, अशी जोडी हाकाले भेटते, थेच इनाम.’

मला हे पटत नाही. शिवकाळात बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तरी पगार घेई. स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदाराला अधिक मिळे, इतकेच. माथेरानला हौसेने घोड्यावर बसणारा पैसे मोजतो, तेही रास्तच. हौस करणाऱ्याने द्यावे, दुसऱ्याचे काम करणाऱ्याने घ्यावे.

मामांची हौस खरीच. पण पटात हात मोडला, तेव्हा दवाखान्याचे पैसे मामींनी धान विकून भरले.