यात्रेतील तंबू आणि नातवंडांचे कान

मार्गशीर्ष लागला की खानदेशातील घराघरांत सारंगखेड्याचा विषय निघू लागतो. नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. ढोलाच्या ठेक्यावर नाचणारे घोडे, रात्रीचे लोकनाट्य, पाळणे आणि अलीकडच्या वर्षांत ‘चेतक फेस्टिव्हल’च्या निमित्ताने उभी राहणारी तंबूंची वस्ती. धुळे-जळगावची कुटुंबे आता शनिवार-रविवार गाठून लेकराबाळांसह तेथे मुक्काम करतात.

या दिवसांत धुळ्यातील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : “बाई, पोरले लई जाऊ का?” विचारणारी बहुधा आजी असते, कारण रात्री तंबूत मुलाजवळ थांबणारी तीच असते. वाचकहो, माझे उत्तर असे : जरूर न्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र थंडीत आणि धुळीत मुक्कामाला नेऊ नये. मोठ्या मुलांच्या बाबतीत माझी एकच विनंती असते. आपल्या शरीराला जे सोसते, ते नातवंडाला सोसेल असे धरून चालू नये.

कानांचेच पाहा. साठी-सत्तरीत ऐकू कमी येऊ लागते. मग आजोबा शब्द नीट कळावेत म्हणून पुढची जागा धरतात, आणि नातू त्यांच्या मांडीवर असतो. आजोबांना जो आवाज ‘आत्ता कुठे बरा’ वाटतो, तो त्या कोवळ्या कानांना घातक असू शकतो. कारखान्यातील प्रौढ कामगारासाठी ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. कर्ण्यांच्या भिंतीसमोर ही पातळी सहज गाठली जाते. आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात शिट्टी वाजते आहे, हे तीन वर्षांचे मूल सांगणार तरी कसे? ते किरकिर करते, आणि आपण म्हणतो, दृष्ट लागली.

माझ्या लहानपणीही आम्ही यात्रेला जात असू. बैलगाडीखाली पथारी पसरून निजत असू आणि दूरवरून एकुलत्या एका भोंग्याचा आवाज येई. ‘आम्हाला कुठे काय झाले?’ असे म्हणणाऱ्यांनी तो भोंगा आणि आजचा डीजे यांतला फरक ध्यानात घ्यावा.

हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथे मुलाला ठेवू नये. ही पारख मात्र कमी ऐकू येणाऱ्याने करू नये. सुनेला किंवा मुलीला विचारावे आणि ती ‘मागे चला’ म्हणाली की निमूट मागे जावे. कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग नाही. लहान मुलाच्या कानात बुचेही घालू नयेत, ती तोंडात जाऊन घशात अडकतात. डोक्यावरून बसणारी कर्णरक्षके बाजारात मिळतात, ती घ्यावीत. आणि तंबू निवडताना रंगमंचापासून जितका लांब मिळेल तितका घ्यावा. आपल्याला पहाटे चारलाच जाग येते, पण तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तासांची झोप लागते.

आता थंडी. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा कित्येकदा दहा अंशांखाली उतरतो, त्यात नदीकाठ. आजीचे गुडघे ठणकू लागतात आणि निखाऱ्यांची शेगडी तंबूत येते, दार बंद होते. माझ्या मते सबंध यात्रेतील सर्वांत मोठा धोका हाच. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मुलांचा श्वास जलद, म्हणून ती आधी बाधतात. हृदयविकार असलेल्या वृद्धांचेही तसेच. डोके दुखणे, मळमळ, ग्लानी ही लक्षणे प्रवासाचा शीण समजून दुर्लक्षिली जातात. तंबूतील एकापेक्षा अधिक जणांना ती एकदम जाणवली, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा. शेगडी बाहेरच शेकावी. विझत आलेले निखारेही आत आणू नयेत. मुलाला थर चढवून कपडे घालावेत, खाली जाड सतरंजी अंथरावी, कानटोपी असावी.

दम्याच्या मुलाचा पंप सोबत असावा, कारण घोड्यांच्या बाजारात धूळ फार. घोड्याच्या मागे मुलाला उभे करून फोटो काढण्याचा मोह टाळावा. गर्दीत शिरण्यापूर्वी मुलाच्या मनगटावर घरच्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक पेनाने लिहावा. या साध्या उपायावर माझा मोठा विश्वास आहे.

राहिली आपली औषधे. घरी ती कपाटात वर असतात. तंबूत मात्र उशाखाली, पिशवीत, पाण्याच्या तांब्याशेजारी येतात. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आपली साखर आटोक्यात ठेवतात. पण त्यांतली एखादी गोळीही लहानग्याची साखर धोकादायक रीतीने उतरवू शकते, आणि तीही काही तासांनी. तेव्हा गोळ्यांची पाकिटे झाकणाच्या, कुलूप लागणाऱ्या डब्यात ठेवावीत. मुलाने गोळी गिळल्याची शंका जरी आली, तरी ते खेळते आहे म्हणून वाट पाहू नये, ओकारी काढू नये. ते पाकीट बरोबर घ्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे.