कोयत्याच्या ओळीत दुसरं नाव

ऊसतोडीच्या हिशेबाचं अ‍ॅप एका संध्याकाळी तयार झालं, याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. पण त्याच्या पहिल्या स्क्रीनवर जे दिसलं, त्याचा सल त्याहून मोठा आहे. वर ‘कोयता १’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली एकच नाव, पुरुषाचं. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर फडात वाकून राबणारी, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी त्याची बायको त्या हिशेबात कुठेच नव्हती.

बीडच्या वाचकाला कोयता म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, हंगामाआधी कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि दिवाळीच्या आगेमागे निघालेली टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात टनावर ती फेडत राहते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, सगळीकडे हेच. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. माझा चुलतभाऊ मुकादम आहे. तोच एकदा म्हणाला, “दादा, मोबाइलमधी हिशेब बसत असंल तर बसव. पट्टा पडला की दरसाली भांडणं होत्यात.” पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. मला कोडिंगचं अक्षर येत नाही, तरी मी हो म्हणालो.

हो म्हणण्याइतकं धाडस आता कुणालाही करता येतं. आंद्रे कार्पथी या संगणकतज्ज्ञाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि वर्षभरात तो जगभर रूढ झाला. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, कोड कृत्रिम बुद्धिमत्तेचं (एआय) यंत्र लिहितं. मी मराठीत सांगितलं. वहीच्या पानाचा फोटो दिला, उचल, टनाचा दर, खाडा, बाकी हे रकाने समजावले. थोड्या वेळात बटणं आली, बेरजा-वजाबाक्या अचूक आल्या, नावं मराठीत आली. चुकीचं काही दिसलं की “हे असं नको, तसं कर” म्हणायचं, की ते बदलायचं. पूर्वी एवढ्या कामासाठी पुण्यातल्या कुणाला तरी हजारो रुपये मोजावे लागले असते.

भाऊ खूश झाला. शेजारी बसलेल्या वहिनींनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “भाऊजी, यात माझं नाव कुठंय? मोळ्या मी बी बांधते की.”

यंत्राने नवीन काही केलं नव्हतं. वहीत जे होतं तेच त्याने जसंच्या तसं उचललं होतं. दुसरं नाव घाल म्हटल्यावर त्याने लगेच घातलं, पण पुरुषाच्या नावापुढे ‘मुख्य कामगार’ आणि बाईच्या नावापुढे ‘सहायक’ असं आपल्याच मनाने लिहून मोकळं झालं. ते काढायला लावलं. मग भाऊ अडला. उचल नवऱ्याने घेतली, अंगठा त्याचा, मग बाईचं नाव कशाला? कशाला म्हणजे काय? कोयता जोडीचा धरता, दर जोडीचा देता, घरी राहिली तर अर्धा कोयता म्हणता, मग नाव एकाचं कसं? हा वाद रात्री उशिरापर्यंत चालला.

त्याहून वाईट पुढे होतं. खाड्याचा रकाना पाहून यंत्राने आपणहून सुचवलं, की गैरहजेरी नोंदली की दंड आपोआप बाकीत मिळवू का? कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड म्हणजे खाडा. तो पाचशे रुपये किंवा त्याहूनही जास्त असतो. याच खाड्याच्या धाकाने बीडच्या बायकांनी काय केलं, हे राज्याला ठाऊक आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडे आले. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांतल्या अनेकींनी, पाळीच्या चार दिवसांचा खाडा नको, दुखणं नको, म्हणून. त्या दंडाची आकारणी आता कुणी न करता आपोआप होणार होती. ते वाचून मला घाम फुटला.

वहिनींनीच मग मोबाइलमध्ये बोलायला सुरुवात केली. प्रत्येक खेपेची वजनपावती फोटोसह लागली पाहिजे. उचल कुणाच्या हातात पडली ते दिसलं पाहिजे. आणि खाड्याला कारण पाहिजे. “कारखाना बंद पडला, गाडी आली न्हाई, पाऊस लागला, त्या दिवसाचा खाडा आमच्यावर कशाला?” यंत्राने कारणांची यादी केली. दुखणं, बाळंतपण, कारखाना बंद, वाहन नाही, पाऊस. यातल्या प्रत्येकापुढे दंड शून्य. अ‍ॅप खरं तर तेव्हा तयार झालं.

भावाने दोन नावं मान्य केली, पण कारणांचा रकाना नको म्हणाला. वरून कारखाना कापतो तेव्हा मी कुणाकडे मागू, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तरीही त्याचा नकार मला अजून पटलेला नाही.

कोण सांगतो त्यावर अ‍ॅप ठरतं. धारावीतल्या मुलींनी दहा वर्षांपूर्वी ‘धारावी डायरी’ या उपक्रमात अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’वर अ‍ॅप बनवली होती. तिथेही कोड लिहायचा नव्हता, तयार ठोकळे जोडायचे होते. एक अ‍ॅप बाईच्या सुरक्षेसाठी, एक सार्वजनिक नळावरच्या पाण्याच्या रांगेसाठी. रांगेत उभं राहणाऱ्या मुलींनीच ते ठरवलं होतं.

शिकून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं उदाहरण हवं, तर आपल्याच आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत घ्या. इन्फोसिसच्या अतिथिगृहात ऑफिसबॉय म्हणून नोकरी, सोबत ग्राफिक्सचं शिक्षण, मग स्वतःचा व्यवसाय. टाळेबंदीत गावी परतल्यावर वीज आणि नेटवर्कच्या अडचणीमुळे टेकडीवरच्या गोठ्यात त्यांनी काम थाटलं. त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर ‘डूग्राफिक्स’ टीव्हीवरच्या ‘शार्क टँक इंडिया’त पोहोचलं आणि तिथले गुंतवणूकदार अमन गुप्ता यांनी दहा टक्के हिश्शासाठी एक कोटी रुपये देऊ केले. हे भगत कोडिंग शिकले. सी++ आणि पायथन बसून शिकले. म्हणून मघाशी कोडिंगचं अक्षर येत नाही म्हणणारा मी आता गावातल्या पोरांना सांगतो, थोडं शिकाच. यंत्राने लिहिलेलं निदान वाचता आलं पाहिजे.

याला कारण आहे. २०२५ मध्ये अशाच एका नावाजलेल्या साधनावर बनलेल्या १,६४५ अ‍ॅपची तपासणी झाली, तेव्हा १७० अ‍ॅपमधली माहिती बाहेरच्या कुणालाही वाचता येत होती. कुलूप लावायचं राहून गेलं होतं. हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये आधार क्रमांक, बँक खातं, दुखण्याची कारणं अजिबात उघडी पडता कामा नयेत. ज्याला हे तपासता येत नाही, त्याने माहिती इंटरनेटवर न पाठवता त्याच मोबाइलमध्ये ठेवावी. आम्ही तेच केलं. प्ले स्टोअरवर टाकायचं, तर नव्या वैयक्तिक खात्यासाठी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहण्याची अट आहे. टोळीत एवढे स्मार्टफोन आणि फडात तेवढी रेंज मिळणं अवघड, त्यामुळे तो नाद सोडला.

हिशेब मजुराच्या हातात का हवा, हेही पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढ कोयत्यापर्यंत किती पोहोचली, हे वहीवरून कळत नाही. शेतकऱ्यासाठी राज्याने ‘महाविस्तार’ अ‍ॅप आणलं, शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण केलं. ऊस तोडणाराही त्याच शेतीतला आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने मजुराच्या हातात राहील अशी हिशेबाची नोंद करून द्यावी, आणि तिचे रकाने ठरवायला मुंबईचा सल्लागार न बोलावता धारूर-वडवणीच्या बायकांना बोलवावं. पुढची टोळी निघायच्या आत एवढं करावं.