स्टेटसवरची वकिली

आमच्या इंझोरी गावात आता जामीन झाला की पक्षकार लगेच मोबाईल पुढे करतो. "वकीलसाहेब, आपला फोटो स्टेटसला टाका ना." मी नाही म्हणतो, त्याला वाईट वाटतं. पण बार कौन्सिलच्या ३६व्या नियमाने वकिलाला जाहिरात वर्ज्य आहे. २००८पासून संकेतस्थळाची मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच.

मला जाहिरातीपेक्षा गुपिताची काळजी जास्त. शहरात नाव गाळलं की माणूस झाकला जातो. इथे 'धुऱ्याच्या वादातला थोरला भाऊ' एवढं लिहिलं तरी पारावर घर ओळखतात. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायला साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ मनाई करतं, काम संपल्यावरही. आणि बलात्कारपीडितेची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. गावात तर गल्लीचं नावही पुरतं.

राहिली न्यायालयावरची टीका; ती हवीच. वकील प्रशांत भूषण यांना २०२०मध्ये दोन ट्विटांसाठी एक रुपया दंड झाला, तो निकाल मला आजही पटत नाही. पण चालू खटल्यातल्या न्यायाधीशांवर ग्रुपवर शेरे मारणं वेगळं. त्याची झळ पक्षकाराला बसू शकते. उद्या बाररूममध्ये ज्युनिअर पोरांशी हे बोलायचं आहे.